शूमाकर कुठल्या गावचे?

पुण्यात जर्मन शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मला दर बॅचमध्ये एकदा तरी येतो. 'मॅडम, शूमाकर मूळचे कुठले?' विचारणारा अर्धवट हसत असतो, पण त्याला उत्तरही खरंच हवं असतं. आपल्या कानाला 'कर' ऐकू आला की मागे गाव असणारच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: शूमा नावाचं गाव त्या आडनावात नाही.

उच्चार शूमाखरच्या जवळ जातो. शू म्हणजे जोडा, माखर म्हणजे बनवणारा. म्हणजे हा कोल्हापूरकरातला 'कर' नव्हेच, चर्मकारातला 'कार' आहे. सगळा घोटाळा एका कान्याचा.

गावावरून आडनावं जर्मनांतही आहेत. आयफेलच्या डोंगराळ भागात आडेनाउ नावाचं गाव आहे, तिथला तो आडेनाउअर. पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर कोन्राड आडेनाउअर म्हणजे आपल्या हिशेबाने आडेनाउकर. १९४९च्या निवडणुकीत त्यांच्यासमोर समाजवादी लोकशाही पक्षाचे नेते होते कुर्ट शूमाखर. आडेनाउकर विरुद्ध जोडेवाले! वर्गात हे सांगितलं की प्रत्यय कुणी विसरत नाही.

बाराव्या शतकापासून शहरं वाढत गेली, एकेका गल्लीत चार-चार हान्स झाले, तेव्हा जोडेवाला हान्स, पिठाच्या चक्कीवाला हान्स असं म्हणणं भागच पडलं. पुढे ते मुलानातवंडांना चिकटलं. जोडेवाल्याला शब्द मात्र प्रांताप्रांतात वेगळा. शूस्टर हा त्यातला मजेदार, त्यात शिवणाऱ्याला असलेला लॅटिन 'सूटोर' दडलाय. संगीतकार शूबर्टच्या आडनावाचा जुना अर्थ जोड्यांचं काम करणारा, आणि त्याच्यानंतरचा संगीतकार शूमान म्हणजे सरळ जोडेवाला माणूस. शूबर्टचे वडील शाळामास्तर, शूमानचे पुस्तकविक्रेते. १८३९ साली शूमान व्हिएन्नात शूबर्टच्या भावाकडे गेला आणि तिथे पडून असलेली शूबर्टची मोठी सिंफनी त्याने उजेडात आणली. आडनावं धरली तर जोडेवाल्याचं राहिलेलं काम जोडेवाल्यानेच पुढे नेलं.

दुसरा प्रश्न हळू आवाजात येतो. असं आडनाव लावायला त्यांना संकोच नाही वाटत? तो कुठून येतो हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. तिकडे जोडेवाल्यांचा स्वतःचा संघ असे आणि शहरात त्याला मान असे. याचा अर्थ तिथे सगळं समान होतं असा काढू नका. जल्लाद आणि मेलेली जनावरं सोलणारे यांना अनेक शहरांत संघाचं दार बंद होतं, त्यांच्या मुलांनाही. जोडेवाला त्या दाराच्या आतल्या बाजूला होता, एवढंच.

आता गंमत बघा. ज्यांनी खरोखर आरी आणि रापी हातात धरली त्यातले दोघे जगाला माहीत आहेत. न्यूरेंबर्गचा कवी हान्स झाक्स आणि ग्योर्लिट्सचा गूढवादी याकोब ब्योमे. झाक्स म्हणजे सॅक्सनीकडचा, ब्योमे म्हणजे बोहेमियाचा. खरे जोडेवाले आडनावाने 'कर' निघाले!

आणि ज्याच्यामुळे हा प्रश्न सुरू होतो त्या मिखाएल शूमाखरचे वडील गवंडीकाम करायचे, पुढे केर्पनचा कार्टिंग ट्रॅक सांभाळायचे. पोरगा सात वेळा फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. आपण पायी निघालो की अकरा नंबरची बस पकडली म्हणतो, जर्मन माणूस म्हणतो, 'शूस्टरच्या काळ्या घोड्यांवरून आलो.' शूमाखरच्या सातांपैकी पाच विजेतेपदं फेरारीतली. त्या गाडीवरचा घोडाही काळाच आहे.