वरचे काहीही देऊ नये

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पंचवीस वर्षांपासून लहान मुलांचा दवाखाना चालवते. सोमवारी आमच्याकडे बाजार भरतो, त्यामुळे आसपासच्या खेड्यांतल्या बायका एका हातात बाजाराची पिशवी आणि कडेवर लेकरू असे दोन्ही घेऊनच दवाखान्याच्या पायऱ्या चढतात, आणि दुपारी दोनपर्यंत मला मान वर करायलाही सवड नसते. श्रावणातल्या अशाच एका सोमवारी आलेली एक मुलगी, आणि तिच्या फाइलमधली माझ्याच अक्षरातली एक ओळ, अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मुलगी आठ महिने वीस दिवसांची होती. दिवसभर किरकिर करते, रात्रभर अंगावर पीत राहते आणि सर्दी काही हटत नाही, अशी आईची तक्रार होती. काट्यावर वजन भरले ६ किलो १०० ग्रॅम. तीन महिन्यांची असताना तिला सर्दीसाठीच आणले होते, तेव्हा ते ५ किलो ४०० होते. म्हणजे साडेपाच महिन्यांत जेमतेम सातशे ग्रॅमची भर पडली होती. वाढीच्या तक्त्यावर दोन्ही टिंबे जोडली तेव्हा जी रेघ वर चढत जायला हवी होती, ती जवळपास आडवी पडलेली दिसली. दंडाचा घेर १२.१ सेंटिमीटर भरला. तिचा तळहात माझ्या तळहाताशेजारी धरला, तर पांढऱ्या कागदासारखा दिसत होता. रक्त तपासायला पाठवले आणि पुढच्या रुग्णाला बोलावले.

अहवाल येईपर्यंत त्या तिघी समोरच्या बाकावर बसून होत्या. आजीचा सोमवारचा उपवास असल्यामुळे तिने पिशवीतून एक केळे काढले, आणि साल सोलायला लागताक्षणी ती किरकिरी मुलगी गप्प झाली. तिने मान ताठ केली, डोळे केळ्यावर रोखले, तोंड उघडले आणि दोन्ही हात पुढे केले. आजीने तिचा हात हळूच बाजूला सारत म्हटले, "नगं गं माझे बाय, तुझं अजून उष्टावण न्हाई झालं."

माझ्या हातातला स्टेथोस्कोप दुसऱ्याच मुलाच्या छातीवर तसाच राहिला. मी आईला विचारले, "अगं, हिला अजून काहीच सुरू केलं नाहीस?" ती घाबरून आजीकडे पाहू लागली, आणि आजीने मात्र अगदी सरळपणे उत्तर दिले, "बाई, तुमीच तर लिवून दिलंय की. वरचं काय बी द्यायचं न्हाई म्हनून."

फाइल उघडली. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातल्या पानावर, लाल शाईने, दोनदा अधोरेखित केलेले होते: 'फक्त आईचे दूध. वरचे काहीही देऊ नये.'

तो दिवस मला लख्ख आठवला. आजी बाळाला मधात उगाळलेली गुटी चाटवत होती आणि उन्हाळा लागला म्हणून साखरपाणीही पाजत होती. मध एक वर्षाच्या आत द्यायचा नसतो, कारण त्यात बोटुलिझमच्या जंतूंची बीजे असू शकतात आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यांत ती रुजतात. पण त्या दिवशी मी हे समजावून सांगण्यापेक्षा रागावलेच अधिक. आजीने विचारले होते, "मुलगी हाय, मग पाचव्यात उष्टावण करायचं का?" त्यावर मी "अजिबात नाही" असे ठणकावून सांगितले आणि ती ओळ लिहिली. चहात बुडवलेले बिस्कीट चौथ्या महिन्यापासूनच भरवणारी घरे मला रोज भेटतात, त्यामुळे अशा ओळी लिहिण्याची माझ्या हाताला सवयच झालेली होती. बंदी कधी उठणार, हे मात्र मी लिहिले नव्हते. शिवाय आमच्या भागात 'वरचं' म्हणजे जसे वरचे दूध, तसेच वरचे अन्नही. आजीने दोन्ही अर्थ घेतले आणि दोन्ही पाळले.

पुढचे सगळे तिच्याच तोंडून ऐकले. पाचवा महिना माझ्या सांगण्यावरून सोडला. मुलीचे उष्टावण विषम महिन्यात करायचे, म्हणून मग सातवा धरला; पण सातवा लागायच्या तीन आठवडे आधी, ऐन वैशाखात, आजोबा गेले. वर्ष सरल्याशिवाय घरात शुभकार्य करायचे नाही असे भावकीने ठरवले, आणि पहिला घास भरवायचा तो मामाही लष्करात असल्यामुळे दिवाळीशिवाय रजेवर येणार नव्हता. घास न भरवता अन्न सुरू करावे, हे कोणाच्या मनातच आले नाही. आशाताई सहाव्या महिन्याच्या गृहभेटीला आल्या तेव्हा सून आजोळच्या लग्नाला गेलेली होती. आणि सरकारी लसींचे वेळापत्रक असे आहे, की साडेतीन महिन्यांची लस झाली की पुढची थेट नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाची. खायला सुरुवात करायची वेळ नेमकी या मोकळ्या जागेत पडते, आणि तेवढ्या काळात निरोगी दिसणाऱ्या बाळाला दवाखान्यात आणण्याचे कोणालाच कारण नसते.

यात एक गोष्ट मला फार टोचली. मी बालरोगाचे शिक्षण घेत होते तेव्हा आम्हाला वरचे अन्न 'चौथ्या ते सहाव्या महिन्यादरम्यान' सुरू करावे असे शिकवले जाई. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पूर्ण सहा महिने केवळ स्तनपान अशी शिफारस केली, आणि २००३ मध्ये आपल्याकडच्या शिशुआहाराविषयीच्या कायद्यातही चार महिन्यांच्या जागी सहा महिने आले. आता सहा महिने पूर्ण होणे म्हणजेच सातवा लागणे. मुलीसाठी आजीच्या रूढीने दिलेला मुहूर्त आणि माझ्या पुस्तकातले १८० दिवस हे जवळजवळ एकाच तिथीला येत होते. "पाचव्यात नको, सातवा लागला की त्याच दिवशी सुरू करा" एवढे वाक्य मी बोलले असते, तर ती बाई ते जन्मात विसरली नसती.

दीडच्या सुमारास अहवाल आला. हिमोग्लोबिन ७.८ होते, या वयात ते अकराच्या आसपास असायला हवे. आपलेच दूध कमी पडले असे वाटून आई गुन्हेगारासारखी बसली होती, तिला सांगावे लागले की दुधात खोट नाही, ते दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचे आहे. पण आईच्या दुधात लोह थोडेच असते, पोटात असताना बाळ जो साठा बरोबर घेऊन येते तो सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो, आणि गरोदरपणी आईचेच रक्त कमी असेल तर तो साठाही मुळात तोकडाच असतो. नवव्या महिन्याच्या सुमारास बाळाला दुधाशिवाय दिवसाला साधारण ३०० उष्मांक वरच्या अन्नातून लागतात. या मुलीला ते शून्य मिळत होते.

"मग वरणाचं पाणी चालू करते," आई म्हणाली. मी आतून वाटी-चमचा मागवला, आईला हात धुवायला लावले आणि आजीकडे अर्धे केळे मागितले. एका चमच्यात पाणी घेऊन तिरपा केला, दुसऱ्यात कुस्करलेले केळे घेऊन तिरपा केला. पाणी सांडले, केळे चमच्याला धरून राहिले. सहा किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी पावणेदोनशे मिलिलिटरच्या आसपासच मावते. ते पाण्याने भरले तर अन्नाला जागा कुठे उरणार, एवढे म्हणताच आजी हसली, कारण पातळ आमटीने पोट भरत नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

तो केळ्याचा चमचा मी सहजच आजीपुढे धरला. तिने हात मागे घेतला. "माझ्या हातानं नगं, पयला घास हाय," ती खालच्या आवाजात म्हणाली. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या, हे मला तेव्हा दिसले. मी काहीच बोलले नाही. आईने चमचा घेतला.

पहिला घास मुलीने जिभेने बाहेर ढकलला आणि आजी लगेच म्हणाली, "नगं म्हनतीया." बाहेर ढकलणे म्हणजे नको म्हणणे नव्हे, आठ महिने फक्त चोखायला शिकलेल्या जिभेला घास मागे न्यायचे माहीतच नसते. आईने हनुवटीवर ओघळलेले केळे चमच्यानेच पुसून पुन्हा आत सरकवले. तिसऱ्या चमच्याला ओठ मिटले, चौथ्याला गिळल्याचा आवाज आला, आणि मग मुलीने आईचे मनगट दोन्ही हातांनी धरून चमचा स्वतःच तोंडाकडे ओढला. अर्धे केळे संपायला वीस मिनिटे लागली. बाहेर नऊ रुग्ण खोळंबले होते, त्यांची मी नंतर माफी मागितली.

लोहाचे थेंब दिले आणि फाइलच्या नव्या पानावर सविस्तर लिहिले: मुगाची मऊ खिचडी, ज्वारीची भाकरी घट्ट वरणात कुस्करून, वर तूप, शेंगदाण्याचे बारीक कूट, शिजवलेला भोपळा, पालक, सुरुवातीला दोन-तीन चमचे, आठवड्याभरात अर्धी वाटी, दिवसातून तीनदा, आणि मिक्सरमधून काढायचे नाही. "अंडं श्रावण सरल्यावर," असे आजीने बजावले. मी तसेच लिहिले.

चार आठवड्यांनी वजन ६ किलो ५५० भरले आणि हिमोग्लोबिन नऊच्या वर गेले. या वेळी मुलगी आजीच्या कडेवर होती. आई रानात खुरपायला जात असल्यामुळे दिवसभर भरवायचे काम आता आजीकडेच आले होते, आणि अंडे फक्त पिवळेच खाते, पांढरे थुंकते, अशी तिची तक्रार होती. उष्टावण मात्र मामा रजेवर आला की करायचे ठरले होते. त्यात भावकीचे काय म्हणणे आहे, ते मी विचारले नाही.

लाल शाई मी अजून वापरते. पण तीन महिन्यांच्या आतले कोणतेही बाळ आले की १८० दिवस मोजून ती तारीख फाइलवर घालते, आणि तारखेशेजारी जवळचा सण लिहिते. मुलग्यांच्या बाबतीत जास्त जपावे लागते, कारण त्यांचे उष्टावण सम महिन्यात असते आणि 'सहाव्यात' म्हणताना घरची मंडळी सहावा लागल्यावर म्हणतात, तो सरल्यावर नव्हे. परवाच एका नातवाच्या आजीशी यावरून दहा मिनिटे हुज्जत झाली. शेवटी फाइलवर लिहिले, 'नागपंचमीनंतर तिसऱ्या दिवशी, वाट पाहू नये,' आणि तिच्याकडून ते दोनदा वदवून घेतले.