मुळ्ळिवाय्क्कालची कंजी

जाफना झालं, नल्लूरचं मंदिर झालं, किल्लाही झाला. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला १८ मेबद्दलच लिहायचंय. २००९ मध्ये याच दिवशी श्रीलंकेचं सैन्य आणि तमिळ वाघ (एलटीटीई) यांच्यातलं युद्ध मुळ्ळिवाय्क्कालला संपलं. तिथे मारल्या गेलेल्या तमिळांची आठवण लोक या दिवशी करतात.

मुल्लैतिवूहून निघालो. रस्ता गुळगुळीत, पण लष्कराच्या छावण्या संपता संपेनात. मुळ्ळिवाय्क्कालला रणरणत्या उन्हात माणसं फोटो घेऊन बसली होती. एका अक्काने करवंटीत कंजी ओतून दिली. तांदूळ, पाणी, मीठ, बस्स. २००९ मध्ये खंदकात हेच खायला होतं, कधी तेही नसे. रिक्षावाले अण्णा तिचं तमिळ मला समजावून सांगत होते. माझ्यासारख्या अनोळखी बाईला तिने आधी सावलीत बसवलं, इतका जिव्हाळा मला कुठल्या हॉटेलात मिळाला नव्हता.

एकीकडे नंदिकडल या खाजणाचं खारं पाणी, दुसरीकडे समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. 'इथे गोळीबार होणार नाही' असं सरकारनेच जाहीर केलं, लोक जीव मुठीत धरून इथे आले, आणि तोफगोळे इथेच पडले. तात्पुरत्या दवाखान्यांवरसुद्धा. पळू पाहणाऱ्यांवर तमिळ वाघांनीही गोळ्या झाडल्या, तेही विसरता येत नाही. मृतांचा आकडा ४०,००० पर्यंत असू शकतो, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०११ मध्ये म्हटलं.

नागरिकांना आणि जखमींना वाचवायचे जिनिव्हा करार १९४९ पासून आहेत. तरी सप्टेंबर २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारी किलिनोच्ची सोडून गेले. 'जाऊ नका' म्हणून लोक फाटकाशी विनवत होते. सुरक्षा परिषदेने या युद्धावर एकही औपचारिक बैठक घेतली नाही. आपण कमी पडलो, हे संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत अहवालाने २०१२ मध्ये मान्य केलं. आणि २७ मे २००९ ला मानवाधिकार परिषदेत श्रीलंका सरकारचं कौतुक करणारा ठराव २९ मतांनी संमत झाला. त्यात एक मत भारताचं होतं. मला त्याचा संताप येतो, अजूनही.

अक्काने विचारलं, "इंडिया?" मी मान हलवली. ती त्यावर काही बोलली नाही. वट्टुवागल पुलापाशी तिने नवऱ्याला स्वतः सैन्याच्या हवाली केलं होतं, चौकशी करून सोडतील म्हणून. तो परत आला नाही. "लिहिणार असाल तर यादी मागा," ती म्हणाली.

म्हणून मागते आहे. मे २००९ मध्ये वट्टुवागलला सैन्याने ताब्यात घेतलेल्यांची नावं श्रीलंका सरकारने जाहीर करावीत.