तापी-पूर्णेच्या फुगवट्याकाठी सायकलने

खानदेश म्हटले की उन्हाळ्यातली काहिली, काळी जमीन आणि केळी एवढेच बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे येते. पाण्याचा प्रदेश म्हणून खानदेशाकडे पाहण्याची आपल्याला सवय नाही. भुसावळच्या पूर्वेला, तापी आणि पूर्णा यांच्या संगमाच्या खालच्या अंगाला हतनूरच्या धरणाने तापी अडवली आहे. तिथून मागे दोन्ही नद्यांच्या पात्रांत जो फुगवटा चढला आहे, त्याच्या काठाने हिवाळ्यात सायकल चालवली की हे चित्र पार बदलून जाते. एका बाजूला केळीच्या बागा, दुसऱ्या बाजूला गाळाचा सपाट पट्टा, त्यापलीकडे पाणी आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. मोटारीचा रस्ता या काठाला फारसा कुठे लागूनच जात नाही. पाण्याशी नेऊन सोडतात त्या बैलगाडीच्या वाटा आणि शेतरस्ते, आणि त्यांवर सायकलइतके सोयीचे वाहन दुसरे नाही.

भुसावळ हे मोठे जंक्शन असल्यामुळे सायकल घेऊन पोहोचणे अवघड जात नाही. वरणगावपर्यंत राष्ट्रीय महामार्गाने जावे लागते. हा टप्पा सांगण्यासारखा नाही. ट्रकांची वर्दळ सोसायची आणि उजाडताच निघून तो लवकर मागे टाकायचा. वरणगावहून हतनूरकडे वळल्यावर मात्र आवाज एकदम उतरतो. दोन्ही बाजूंना कपाशीची वाळलेली शेते, मधूनच हरभरा आणि गहू, आणि जिथे विहिरीला किंवा नदीला पाणी आहे तिथे लगेच केळी. जमीन इतकी सपाट आहे की चढ असा लागत नाही, पण थंडीच्या दिवसांत सकाळी समोरून वारा आला तर तो चढाइतकाच दमवतो.

हतनूरचे धरण डोंगरात बांधलेल्या धरणासारखे उंच नाही. ते लांबच लांब पसरलेले आहे आणि त्याला 41 दरवाजे आहेत. एवढे दरवाजे का, हे तापीचे खोरे डोळ्यांपुढे आणले की कळते. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावलेली तापी सातपुड्यातले पाणी घेऊन येते आणि पूर्णा विदर्भातल्या काळ्या मातीच्या सपाट मुलखातून वाहत येते. खानदेशात पावसाचा थेंब नसतानाही अकोला, बुलढाणा, बऱ्हाणपूर या भागांत जोराचा पाऊस झाला की हतनूरला पूर येतो, आणि त्या पुराबरोबर गाळ येतो. हा गाळ साचून राहू नये म्हणून पावसाळ्याच्या पूर्वार्धात दरवाजे मोठ्या प्रमाणावर उघडे ठेवतात आणि पावसाळा सरत आला की पाणी अडवतात. म्हणजे हिवाळा सुरू होताना जलाशय सर्वांत भरलेला असतो आणि नंतर भुसावळचे पाणी, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, कालवे अशा सगळ्या गरजा भागवत तो हळूहळू उतरत जातो. एवढी काळजी घेऊनही गाळ पुष्कळ साचला आहे आणि पाण्याची साठवण त्यामुळे घटली आहे. इथल्या शेतकऱ्याला ही गोष्ट आकड्यांशिवायही ठाऊक असते, कारण पाणी कुठवर असायचे आणि आता कुठे असते हे तो रोज पाहतो.

हे सगळे सविस्तर सांगण्याचे कारण असे की सायकलने जाणाऱ्याला जे दिसते ते सर्व या उतरत्या पाण्यावर अवलंबून आहे. पाणी मागे सरले की उघड्या पडलेल्या ओलसर जमिनीवर गाळपेराची शेती सुरू होते. खत फारसे लागत नाही, ओल टिकून असते आणि हरभरा जोमाने वर येतो. त्याच उथळ पाण्यात आणि चिखलात हिवाळी पाहुणे उतरतात. धरण खोल आणि कडा उभ्या असत्या, तर इथे इतके पक्षी दिसले नसते. ज्या गाळाने धरणाचे आयुष्य कमी होत आहे, त्याच गाळावर पाणपक्ष्यांचे पोट भरते आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि तिथे उभे राहून विचार करू लागले की मन अस्वस्थ होते.

हतनूरहून चिंचोल, मेहूण, चांगदेव या गावांच्या अंगाने काठ धरला. पक्क्या रस्त्यावरून पाण्याकडे जाणारी पायवाट दिसली की आत शिरायचे आणि वाट संपली की परतायचे, हीच इथली रीत. काळ्या मातीच्या वाटा वाळलेल्या असताना सायकल त्यांवरून छान पळते. पण पाण्याजवळची माती वरून कोरडी दिसली तरी आतून ओली असते. ती टायरला थरावर थर चिकटते, मडगार्ड आणि चाक यांच्यात गच्च बसते आणि शेवटी चाक फिरेनासे होते. मग काडीने ती माती कोरून काढावी लागते. दुसरा त्रास वेड्या बाभळीच्या काट्यांचा. बांधावर तोडून टाकलेल्या फांद्यांचे काटे वाटेवर पसरलेले असतात आणि ते ट्यूबपर्यंत सहज पोहोचतात. पंक्चरचे सामान, हातपंप आणि जास्तीची ट्यूब यांवाचून या वाटांवर जाऊ नये. दुकान गावात असेलच असे नाही.

मेहूणच्या अलीकडे अशाच एका वाटेच्या टोकाशी चक्रवाकांचा थवा अगदी जवळून पाहायला मिळाला. केशरी-बदामी अंग, फिकट डोके आणि उडताना पंखांवर उघडणारा पांढरा पट्टा. ते जोडीजोडीने चिखलात चोच घालत होते आणि एक जोडी सतत मान वर करून पहारा देत होती. त्यापलीकडे खोल पाण्यात लालसरी बदकांचे मोठे थवे होते. नराचे विटकरी डोके आणि लाल चोच दुर्बिणीवाचूनही ओळखू येत होती. वारकरी नावाचे काळे पाणपक्षी, हळदी-कुंकू बदके, चित्रबलाक, नदी सुरय हे तर होतेच. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंबही या जलाशयावर उतरतात. पक्ष्यांसाठी महत्त्वाचे ठिकाण म्हणून हतनूरची नोंद झालेली आहे, आणि ती का झाली हे पटायला एक सकाळ पुरते. सायकलचा इथे एक मोठा फायदा आहे. मोटारसायकलच्या आवाजाने बदके दूरवरूनच उडतात, पण सायकल बांधाशी टेकवून माणूस खाली बसला तर थोड्या वेळाने ती पुन्हा काठाकडे येऊ लागतात. मात्र फोटोसाठी पाण्यापर्यंत चालत जाण्याचा मोह टाळलाच पाहिजे. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला पुनःपुन्हा उठवणे म्हणजे त्याने मोठ्या कष्टाने साठवलेली ताकद वाया घालवणे आहे.

तिथेच काठावर एक वयस्कर बाबा जाळे दुरुस्त करत बसले होते. पायाच्या अंगठ्यात जाळ्याचे एक टोक अडकवून ते तुटलेला डोळा सुताने विणत होते. गाठ मारून झाली की ती ओढून पाहत आणि मगच पुढच्या डोळ्याकडे वळत. "कुठून आले भाऊ, सायकलीवर?" एवढे विचारून त्यांनी शेजारची जागा झाडून दिली. कटला, रोहू किती मिळते, पाणी उतरले की जाळे कुठे लावायचे, वारा फिरला की नाव आत का न्यायची नाही, असे बरेच काही ते सांगत राहिले. पाणी चढले तेव्हा काठाची काही वस्ती हलवावी लागली, ही आठवणही त्यांच्या बोलण्यात आली. मासेमारी करणारी ही माणसे जलाशयाची प्रत्येक खोली-उथळी जाणतात. पक्षी पाहायला जाणाऱ्याने आधी त्यांना विचारावे, हे मी मनापासून सांगेन.

चांगदेव हे गाव तापी आणि पूर्णेच्या संगमावर आहे. तिथले दगडी मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि त्याच्या भिंतींवरचे कोरीव काम सावकाश पाहण्यासारखे आहे. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरा कागद पाठवला आणि त्याच्या उत्तरात पासष्ट ओव्या आल्या, ही कथा मराठी माणसाला सांगायला नको. पुढे चांगदेवांनी मुक्ताबाईंना गुरू केले, आणि त्याच मुक्ताबाई 1297 मध्ये या तापीकाठी विजेच्या कडकडाटात गुप्त झाल्या, अशी श्रद्धा आहे. मेहूण आणि कोथळी येथे मुक्ताईची मंदिरे आहेत आणि पूर्वीचे एदलाबाद आज तिच्याच नावाने मुक्ताईनगर झाले आहे. आषाढी वारीला पंढरपूरला जाणाऱ्या मानाच्या पालख्यांमध्ये मुक्ताईची पालखी फार लांबून चालत जाते. संगमावर उभे राहून समोरचे रुंद पाणी पाहताना मला सारखे वाटत होते की त्या काळी इथे दोन वाहत्या नद्या असतील, त्यांचा आवाज असेल. आता पाणी थांबलेले आहे, पण माणसे त्याच श्रद्धेने येतात, ओंजळ भरतात आणि दिवा सोडतात.

मुक्कामाला मुक्ताईनगर सोयीचे आहे. रात्री खानावळीत शेवभाजी मिळाली, पण थंडीत या भागात येऊन भरीत न खाता परतणे योग्य नव्हे. हिरव्या-पांढऱ्या मोठ्या वांग्यांचे ते भरीत इथे शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून करतात. मग लाकडी भांड्यात हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचतात आणि वरून शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर घालून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीबरोबर वाढतात. जळगावच्या भरीताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दिवसभर पायडल मारलेल्या माणसाला याहून चांगले जेवण मी तरी सुचवू शकत नाही.

उत्तर काठ वेगळा पाहावा. त्यासाठी रेल्वेने सावद्याला उतरून तांदलवाडीच्या बाजूला जाणे बरे. हा केळीचा खरा मुलूख. वाऱ्याला आडोसा म्हणून बागेच्या कडेने शेवरी लावलेली असते, ठिबकच्या नळ्या ओळीने गेलेल्या असतात आणि कापणी चालू असेल तर खांद्यावर घड घेतलेल्या मजुरांची रांग ट्रककडे चालताना दिसते. थंडी फार वाढली की केळीला चरका बसतो, पाने पिवळी पडतात आणि घड भरत नाही. म्हणून कडाक्याच्या रात्री बागेच्या बांधावर शेकोट्या पेटवून धूर करतात. पहाटे सायकलने जाताना हा धूर आणि नदीवरचे धुके एकत्र मिसळलेले असते. अशा वेळी पुढचा आणि मागचा दिवा लावूनच निघावे, कारण केळीचे ट्रॅक्टर त्याच अरुंद रस्त्यांनी येतात.

जाण्याचा काळ डिसेंबर आणि जानेवारी. महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईची मोठी यात्रा भरते. ज्याला यात्रा पाहायची असेल त्याने तेव्हा अवश्य जावे, पण त्या दिवसांत संगमाकडचे रस्ते माणसांनी भरलेले असतात आणि पक्ष्यांनीही परतीची तयारी सुरू केलेली असते. उन्हाळा तर टाळलाच पाहिजे. जळगाव-भुसावळचे ऊन सायकलवर सोसण्यासारखे नाही, आणि वाटेत सावली मिळते ती केळीच्या बागेच्या कडेला, तीही मालकाला विचारून बसले तरच.