सोळाच्या आतलं खातं आणि पासपोर्टचा प्रश्न

"ऑस्ट्रेलियात मुलांचं इन्स्टाग्राम बंद झालं म्हणे. मग आता पासपोर्ट दाखवावा लागतो का? आणि मुलाने चोरून वापरलं तर दंड आईबापांना?" मेलबर्न-सिडनीत ज्यांची मुलं-नातवंडं आहेत, त्यांच्याकडून हे हमखास विचारलं जातं.

पासपोर्टची सक्ती नाही. दंडही तुम्हाला नाही.

10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांची खाती नसतील हे पाहणं ही कंपन्यांची जबाबदारी आहे. त्यासाठी ‘वाजवी उपाय’ केले नाहीत, तर कोर्ट कंपनीला 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड करू शकतं. मुलाला किंवा पालकाला शिक्षा नाही. मात्र पालकांनी ‘चालेल’ म्हटलं म्हणून सूटही नाही. इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब, रेडिट ही नावं त्यात आहेत. व्हॉट्सअ‍ॅप नाही, त्यामुळे आजीचा व्हिडिओ कॉल चालूच राहतो.

बंदी खात्यावर आहे, पाहण्यावर नाही. लॉगिन न करता यूट्यूब दिसतंच, आणि मुलाच्या खात्यावर पालकांनी लावलेल्या मर्यादा मात्र खात्याबरोबर जातात. कायद्याची ही बाजू मला खरोखर कच्ची वाटते.

आता वय तपासणं. नुसती जन्मतारीख टाकून घेणं पुरेसं धरलं जात नाही. कंपनी आधी खात्याचा वापर पाहून अंदाज बांधते. शंका आली तर सेल्फी व्हिडिओ किंवा ओळखपत्र मागते. सरकारी ओळखपत्र मागायचं, तर दुसरा वाजवी पर्याय द्यावाच लागतो. स्क्रीनवर ओळखपत्राचं बटण ठळक दिसलं तरी घाई करू नका, खालचे पर्याय उघडून पाहा.

चुका होतात त्या सेल्फीत. चेहऱ्यावरून वय ओळखणं म्हणजे अंदाज, आणि तो नेमका 16 च्या आसपास डळमळतो. ऑस्ट्रेलिया सरकारने करवून घेतलेल्या चाचणीत गोरे नसलेल्यांच्या बाबतीत अचूकता कमी आढळली. म्हणजे साडेसोळा वर्षांची आपली एखादी मुलगी पंधराची ठरू शकते. अशा वेळी नवं खातं उघडत बसू नका. आधी फोटो आणि चॅट उतरवून घ्या, मग त्याच खात्यातून फेरतपासणी मागा आणि दुसरा पर्याय निवडा.

तपासणीसाठी घेतलेली माहिती काम झाल्यावर नष्ट करणं कंपनीला बंधनकारक आहे. ती दुसऱ्या कामाला वापरायची, तर स्वेच्छेची, स्पष्ट आणि नेमक्या कारणापुरती संमती लागते, आणि ती सहज मागेही घेता आली पाहिजे. म्हणून ‘सेवा सुधारण्यासाठी’ असा चौकोन दिसला, तर त्यावर टिक करू नका. माहितीचा गैरवापर वाटला, तर आधी कंपनीला लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाकडे जा.

ऑस्ट्रेलियात देशपातळीवर मूलभूत हक्कांचा जाहीरनामा नाही. भाषणस्वातंत्र्य देणाऱ्या आपल्या कलम 19 सारखं कलम तिथल्या राज्यघटनेत शोधून सापडणार नाही. त्यामुळे या कायद्याला आव्हान देणाऱ्यांना, त्यात दोन किशोरवयीन मुलं आणि रेडिट आहेत, राजकीय विषयांवरच्या संवादाचं राज्यघटनेत गृहीत धरलेलं स्वातंत्र्य हाच मुख्य आधार शोधावा लागला. हे अर्ज तिथल्या हायकोर्टात, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात दाखल झाले. मुलांचं बोलणं हा हक्काचा प्रश्न असताना त्याला इतका अरुंद दरवाजा असावा, हे मला योग्य वाटत नाही.

राहिला सुट्टीचा प्रश्न. कायदा ऑस्ट्रेलियात नेहमी राहणाऱ्या मुलांसाठी आहे. पुण्याहून चार आठवड्यांसाठी मावशीकडे गेलेली चौदा वर्षांची भाची त्यात बसत नाही. उलट, मे महिन्यात पुण्यात आलेला तिचा मावसभाऊ इथेही त्या कायद्याच्या कक्षेतच राहतो.