आमची वाटचाल: चिपळूणचा पीसी, मुंबईचा मेनफ्रेम

चिपळूणला आमचं दुकान सुरू झालं ते टाइपरायटर दुरुस्तीचं. लोटे-परशुरामच्या कारखान्यांत पीसी आले तसे आम्हीही त्यात उतरलो. मशीन विकून फारसं सुटत नसे. पोट भरलं ते इथला पीसी आणि मुंबईच्या हेड ऑफिसचा मेनफ्रेम, म्हणजे अख्ख्या कंपनीचं काम ओढणारा मोठा कॉम्प्युटर, यांची गाठ घालून देण्यावर. फाइल अडली की पीसीवाला मेनफ्रेमकडे बोट दाखवणार, मेनफ्रेमवाले पीसीकडे, आणि दोघं मिळून टेलिफोनच्या लाईनला शिव्या घालणार. मधल्या जागेला वाली नव्हता. ती आम्ही धरली.

टेलिफोनच्या लाईनवरून डेटा पाठवणारी पेटी म्हणजे मोडेम. आमचा १२०० बॉडचा, म्हणजे सेकंदाला १२० अक्षरं. ३६० केबीची फ्लॉपी चढवायला काहीही न बिघडता पाऊण तासाच्या वर. म्हणून रात्री, एसटीडीचा दर उतरल्यावर बसायचं. पावसात लाईनवर खरखर, त्यात लाईट जायची ती वेगळीच.

एक्समोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीला प्रत्येक अक्षराचे आठही बिट, म्हणजे शून्य-एकचे आठही अंक, मोकळे लागतात. मेनफ्रेमच्या लाईनवर सातच, आठवा पॅरिटीचा, म्हणजे चूक पकडायला राखलेला. त्यामुळे आमची सगळी मदार फाइल पाठवायच्या कर्मिट या दुसऱ्या प्रोग्रामवर. १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात फ्रँक डा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी तो केला, तोच मुळी असल्या आडमुठ्या लाईनींसाठी. लहान पॅकेट, प्रत्येकाची तपासणी, बिघडलं तर तेवढंच परत. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर नंबराने ओळखतो, आणि मेनफ्रेमची ती लिपी वेगळी, एब्सिडिक. पीसीवरचा ६५ नंबरचा इंग्रजी ए तिथे १९३. तेही भाषांतर तो करायचा.

खरी परीक्षा मराठीने घेतली. एका कारखान्याची कामगारांची यादी जिस्ट कार्डावर, म्हणजे मराठीसाठी पीसीत बसवायच्या कार्डावर, टाइप केलेली होती. ती मेनफ्रेमवर चढवायची आणि दुसऱ्या शाखेने उतरवून घ्यायची. इंग्रजी मजकूर सुखरूप पोचला, पण 'कदम' तिकडे '३डीएल' होऊन निघाले! इस्कीत, म्हणजे भारतीय लिप्यांच्या नंबरांच्या यादीत, क म्हणजे १७९. १२८ किमतीचा आठवा बिट गळला की उरतात ५१, आणि तो ३ चा कोड. द, म यांचीही तीच गत. पॅरिटी दोन्हीकडे बरोबर होती. आठवा बिट खूण लावून पाठवायची सोय कर्मिटमध्ये आहे, पण ऐच्छिक. मेनफ्रेमवरच्या जुन्या आवृत्तीत ती नव्हती, आणि आवृत्ती बदलायला तिथलं कुणी तयार होईना.

मग आम्ही बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक बाइटची, म्हणजे आठ बिटांच्या गटाची, दोन हेक्स अक्षरं (० ते ९, ए ते एफ; यांना सात बिट पुरतात) करायची, ८० कॉलमच्या आत ओळी तोडायच्या, साधा मजकूर म्हणून पाठवायचं आणि पलीकडे उलटं फिरवायचं. फाइल दुप्पट, फोनबिलही दुप्पट. मालक कुरकुरले, पण पगारपत्रकावर नावं नीट आली. पुढे इतर कारखान्यांतूनही बोलावणी आली, ती बहुतेक याच कामासाठी.

नंतर इंटरनेट आलं, मोडेम माळ्यावर गेले. प्रयोगशाळांतली काही जुनी यंत्रं मात्र अजून सिरियल पोर्टवरच, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जुन्या जोडणीवरच, बोलतात, त्यामुळे २ आणि ३ नंबरच्या पिना उलटसुलट जोडलेली केबल आम्ही आजही बनवून देतो. जुन्या फ्लॉप्यांतला डेटाही काढून देतो. आपल्या हवेत त्यांना बुरशी धरते. तशी दिसली तर घरच्या ड्राइव्हमध्ये घालून बघू नका, ड्राइव्हचं फ्लॉपी वाचणारं हेड खराब होतं. आहे तशी घेऊन या.