तंबोरा कुठे गेला?

चवथीला घरी आलेल्या भाच्यानं आईची जुनी कॅसेट मागून घेतली. १९८६ सालच्या चवथीत गोव्यातल्या केरीच्या घरी, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून गायलेले अभंग. फीत झिजलेली, खरखर फार. दुसऱ्या दिवशी त्यानं मोबाइल पुढे केला. ‘मावशी, ऐक. एआयनं साफ करून दिलं.’

आईचा आवाज खणखणीत आला आणि माझे डोळे भरले. पण दुसऱ्या ओळीलाच चुकल्यासारखं झालं. तंबोरा नव्हता. कौलांवरचा पाऊसही नव्हता. अखंड एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असा त्या यंत्राचा हिशेब. आमच्याकडे तर त्याच आवाजावर गाणं उभं राहतं.

तेव्हापासून मला गायिका केसरबाई केरकर आठवताहेत. आमच्याच केरीच्या. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी व्हॉयेजर या अवकाशयानाच्या सोनेरी तबकडीवर आहे, परग्रहावरच्या कुणाला सापडलीच तर ऐकावी म्हणून पाठवलेल्या. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला, आणि ११ दिवसांनी बाई गेल्या. ते यान आता इतकं दूर आहे की त्याचा संदेश प्रकाशाच्या वेगानं येऊनही पोचायला २३ तासांहून जास्त लागतात. त्याच तबकडीवर ५५ भाषांतली अभिवादनं आहेत, त्यांत आपली मराठीही.

ती तबकडी कधी कुणाच्या हाती लागलीच, तर आधी ऐकणारं बहुधा यंत्रच असेल. परग्रहावरून कुणाचा संकेत येतो का, हे ऐकायला आपणही यंत्रंच लावू लागलोय. २०२३ च्या जानेवारीत टोरांटो विद्यापीठातल्या पीटर मा या विद्यार्थ्याचं आणि त्याच्या सहकाऱ्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या ग्रीन बँक रेडिओ दुर्बिणीनं ८२० ताऱ्यांकडे कान लावून टिपलेली ४८० तासांची माहिती त्यांनी एआयकडून चाळून घेतली. जुन्या पद्धतीनं तिच्यात काही सापडलं नव्हतं, एआयनं ८ संकेत वेगळे काढले. पुन्हा त्याच ताऱ्यांकडे पाहिलं तेव्हा ते परत आले नाहीत.

या कामात यंत्राला आधी नमुने दाखवावे लागतात. परग्रहावरचा खरा संकेत कुणाकडेच नाही, म्हणून माणसांनी कल्पनेनं बनवलेले संकेत खऱ्या नोंदींत मिसळून त्याला शिकवलं. माझा जीव इथेच अडकतो. तिकडचं कुणी तंबोऱ्यासारखं बोलत असेल तर? वर्षानुवर्षं एकच षड्ज धरून? आपल्या चाळणीतून ते गाळासारखं खाली जाईल आणि आपण म्हणू, आकाशात कुणी नाही. यंत्रं नकोत असं मी म्हणत नाही. एवढं आकाश माणसाच्या कानांनी ऐकून होणार नाही. पण चाळणीखाली पडलेलं जपून ठेवा, पुढच्या पिढीचे कान वेगळे असतील.

भाच्याला सांगितलंय, मूळ फाइल पुसू नकोस. काल रात्री तीच लावली. तिसऱ्या अभंगाआधी आई थांबते, तंबोरा चालूच असतो, आणि ती माझ्याकडे वळून म्हणते, ‘दिवो हाड गो’, दिवा आण गं. साफ केलेल्या प्रतीत हे वाक्यच नाही.