रक्त दोघींनाही येतं

अळंबीचा दांडा मोडला, लाल थेंब आला, की बरोबरचे लोक लगेच नाव सांगून मोकळे होतात. पण जर्मनीतल्या सॅक्सनी राज्यात, ड्रेस्डन शहराला लागून असलेल्या हायडेच्या जंगलात अशा दोन अळंब्या उगवतात. मायसेना हेमॅटोपस आणि मायसेना सँग्विनोलेंटा. सख्ख्या बहिणी म्हणाव्यात इतक्या सारख्या, त्यामुळे नुसत्या लाल थेंबावर विसंबणं मला अजिबात पटत नाही.

हेमॅटोपस थोरली. ती कुजक्या लाकडावर येते, बहुधा बीचच्या नाहीतर बर्चच्या शेवाळलेल्या ओंडक्यावर, आणि येते ती घोळक्यानं. टोपी १ ते ४ सेंमी, लालसर तपकिरी, मधोमध गडद. कोवळेपणी टोपीची कड कल्ल्यांच्या, म्हणजे टोपीखालच्या पातळ पडद्यांच्या, जरा पुढे आलेली असते आणि तिला बारीक दातेरी झालर असते. मला या झालरीचं फार अप्रूप आहे. मोडल्यावर येणारा द्रव गडद आणि भरपूर, बोटावर डाग पाडणारा. मात्र जून किंवा सुकलेली हेमॅटोपस मोडली तर काहीच येत नाही.

सँग्विनोलेंटा धाकटी. टोपी क्वचितच दीड सेंमीच्या वर जाते, दांडा जेमतेम १ मिमी. ही पालापाचोळ्यात, स्प्रूसच्या झाडाच्या गळलेल्या सुईसारख्या पानांत किंवा शेवाळात विखरून उगवते.

घोटाळा होतो तो पाचोळ्याखाली लाकूड पुरलेलं असलं की. वरून बघावं तर जमिनीतून आलेली एकटीदुकटी हेमॅटोपस धाकटीसारखीच दिसते. अशा वेळी गुडघे टेकून, भिंग लावून टोपीच्या खाली बघायचं. सँग्विनोलेंटाच्या प्रत्येक कल्ल्याच्या धारेवर गडद लाल रेघ असते. त्या धारेवरच्या पेशींतच रंगीत रस भरलेला असतो, म्हणून ती रेघ. हेमॅटोपसचे कल्ले बहुतेक वेळा धारेपर्यंत फिकट असतात. बहुतेक वेळा म्हणते, कारण तिचाही एक लाल धारेचा प्रकार आहे. तो भेटला तर खालची माती हलकेच बाजूला करून लाकूड आहे का ते पाहावं. यातल्या कशालाच अळंबी मोडावी लागत नाही, आणि इतक्या नाजूक जिवाच्या बाबतीत मला ते महत्त्वाचं वाटतं.

धाकटीला नाव मिळालं ते इथूनच, याच सॅक्सनीतल्या नीस्की गावच्या परिसरातून. आल्बर्टिनी आणि श्वाइनित्स या बुरशींच्या दोन अभ्यासकांनी १८०५ साली तिथल्या बुरशींवर ग्रंथ लिहिला, त्यात तिचं वर्णन आहे.

आणखी एक. हेमॅटोपसच्या टोपीवर कधी कधी टाचण्या टोचल्यासारखे केस उभे राहतात, प्रत्येकाच्या टोकाला गोल डोकं. ही तिसरी जात नव्हे. ती स्पिनेलस फ्युसिजर, अळंबीवरच वाढणारी दुसरी बुरशी. तिच्याबद्दल पुढच्या वेळी, फोटोंसकट.